बंद खोलीतील विस्तव : बुखारीच्या वापराविषयी एक प्रस्तावना

पश्चिम हिमालयात, म्हणजे लडाख आणि काश्मीर, हिमाचल प्रदेशातील किन्नौर व लाहौल-स्पिती आणि उत्तराखंडातील उंचावरची खोरी या प्रदेशांत, वर्षातले कित्येक महिने घर उबदार ठेवणे ही अन्नपाण्याइतकीच निकडीची गरज असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसलेल्या लेहमध्ये कडाक्याच्या हिवाळ्यात रात्रीचे तापमान उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते आणि अशा थंडीत विझलेला विस्तव हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. या गरजेतून तेथे रुळलेले साधन म्हणजे बुखारी. लोखंडी पत्र्याची किंवा ओतीव लोखंडाची ही बंद शेगडी असून, तिच्या दारातून जळण घालायचे, झडपेतून हवा घ्यायची आणि धूर पत्र्याच्या नळीवाटे छपराबाहेर किंवा भिंतीबाहेर सोडायचा, अशी तिची साधी रचना असते. हिमाचलाच्या वरच्या भागात याच साधनाला तंदूर म्हणतात, मात्र रोटी भाजण्याच्या मातीच्या तंदूरशी त्याचा संबंध नाही. लष्करी तळांवर आणि काही घरांत केरोसीनवर चालणाऱ्या बुखाऱ्याही असतात, परंतु येथे विचार करायचा आहे तो लाकूड, शेण, लाकडाचा भुसा आणि कोळसा अशा घन इंधनांवर चालणाऱ्या बुखारीचा.

मराठी वाचकाला विस्तव नवा नाही, पण या प्रकारचा विस्तव बहुतांशी अपरिचित आहे. महाराष्ट्रातील चूल ही स्वयंपाकापुरती पेटते, ती ज्या घरात असते त्या घराची दारे दिवसभर उघडी असतात आणि कोकणातल्या कौलारू घरात तर धूर कौलांच्या फटींतूनच वाट काढतो. घर तापवणारा विस्तव याच्या नेमका उलट असतो. तो दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या खोलीत, तासन्‌तास, अनेकदा माणसे झोपलेली असताना जळत राहतो. म्हणूनच चुलीच्या अनुभवावर विसंबून बुखारी हाताळू पाहणाऱ्याला, मग तो सीमेवर नेमणूक झालेल्या जवानाचा नातलग असो, स्पितीतील घरगुती निवासात उतरलेला गिर्यारोहक असो किंवा कॅनडा-जर्मनीसारख्या थंड देशात घर घेतलेला मराठी माणूस असो, नव्याने काही शिकावे लागते. परदेशातील लाकडी शेगड्या दिसायला देखण्या व बांधणीने भक्कम असतात, परंतु त्यांच्या पोटात घडणारे ज्वलन आणि गुलमर्गच्या पायथ्याच्या एखाद्या घरातील पत्र्याच्या बुखारीत घडणारे ज्वलन यांचे शास्त्र एकच आहे.

या शास्त्राचा सारा भर एका प्रतिपादनावर आहे आणि ते आरंभीच स्पष्ट मांडलेले बरे. सुरक्षितता आणि इंधनाची बचत ही दोन वेगळी उद्दिष्टे असून त्यांपैकी एकासाठी दुसऱ्याचा थोडाबहुत त्याग करावा लागतो, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. जळण वाचावे म्हणून शेगडी ओंडक्यांनी भरायची, झडप जवळजवळ बंद करायची आणि विस्तव रात्रभर धुमसत ठेवायचा, ही काटकसर वाटणारी रीत प्रत्यक्षात जळणही वाया घालवते, धुराड्यात पेटाऊ थर साठवते आणि खोलीत विषारी वायू येण्याची शक्यता वाढवते. धूर म्हणजे न जळलेले इंधन, हे एकदा नीट ध्यानात आले की पुढचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात. जो विस्तव पूर्ण जळतो तोच काटकसरीचा असतो आणि तोच सुरक्षितही असतो.

हे समजण्यासाठी लाकूड जळते म्हणजे काय होते ते पाहणे आवश्यक आहे. विस्तवात टाकलेल्या ढलपीतील पाणी प्रथम १०० अंशांच्या आसपास वाफ होऊन निघून जाते, त्यानंतर साधारण २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान लाकूड विघटित होऊ लागते आणि त्यातून ज्वालाग्राही वायू व डांबरासारख्या पदार्थांच्या वाफा बाहेर पडतात. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग अशा वायुरूपाने निघून जातो आणि उरतो तो कोळसा निखाऱ्याच्या रूपाने सावकाश जळतो. लाकडातील ऊर्जेचा मोठा हिस्सा या वायूंमध्ये असतो, परंतु ते नीट पेटण्यासाठी सुमारे ६०० अंश तापमान, पुरेसा प्राणवायू आणि हवेशी मिसळण्यास थोडा अवधी, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी लाभाव्या लागतात. झडप कोंडली की प्राणवायू कमी पडतो, तापमान उतरते आणि ऊब देऊ शकणारा वायू नळीवाटे जसाच्या तसा निघून जातो. घरातील माणसांना शेगडी भरलेली दिसते, पण तिच्यातील इंधनाचा बराच भाग न जळताच घराबाहेर गेलेला असतो.

ओल्या लाकडाचे नुकसानही याच प्रकाशात पाहावे लागते. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात अनेकदा निम्मे पाणी असते. अशा १ किलो लाकडापासून सुमारे ८ मेगाज्यूल एवढी वापरण्याजोगी उष्णता मिळू शकते, तर पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत उतरलेल्या तेवढ्याच लाकडापासून ती १४ ते १५ मेगाज्यूल मिळते. या फरकाचे कारण पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता, असे सहसा सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. १ किलो ओल्या लाकडातील अर्धा लिटर पाण्याची वाफ होण्यास जेमतेम १.३ मेगाज्यूल लागतात, आणि मोठा फरक पडतो तो मुळात त्या किलोत लाकूडच निम्मे असल्यामुळे. शिवाय खरी हानी या आकड्यांच्याही पलीकडे आहे. वाफ होत असताना विस्तव थंड राहतो, त्यामुळे वायू पेटण्याइतके तापमान गाठले जात नाही आणि कागदावर दिसणारे ८ मेगाज्यूलही हाती लागत नाहीत. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओलावा असू नये असा नियम झाला, म्हणजे लाकडातील पाणी हा तेथे कायद्याचा विषय ठरला, यावरून या बाबीचे महत्त्व कळावे.

हिमालयातील घरांना यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. लडाखमध्ये ओढ्याकाठी लावलेले विलो आणि पॉप्लर, काश्मीरमध्ये सफरचंदाच्या बागांतील छाटणी, हिमाचल-उत्तराखंडात कैल (निळा पाइन), देवदार आणि बांज (ओक) अशा वृक्षांचे लाकूड जळणासाठी वापरले जाते. यांतील हलके लाकूड लवकर पेटते आणि लवकर संपते, तर बांजासारखे जड लाकूड सावकाश जळून पुष्कळ निखारे देते. परंतु कोणतेही लाकूड असो, ते तोडल्यानंतर लगेच फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकलेल्या आणि बाजूंनी मोकळ्या रचाईत किमान एक पूर्ण उन्हाळा, जड लाकूड असल्यास दोन, वाळू द्यावे लागते. न फोडलेला ओंडका सालीच्या आत वर्षानुवर्षे ओला राहू शकतो. दोन टोकदार खिळ्यांचा छोटा ओलावामापक आता सहज मिळतो, मात्र तो ढलपीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर न लावता, ढलपी ताजी फोडून आतल्या बाजूस लावला तरच खरा आकडा दाखवतो. लडाखमध्ये लाकडाइतकेच महत्त्व वाळवलेल्या शेणाला असून, त्याची राख लाकडापेक्षा कितीतरी अधिक पडत असल्याने जाळी वारंवार मोकळी करावी लागते. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड आणि प्लास्टिक यांना मात्र बुखारीत कधीही स्थान नसावे, कारण त्यांतून निघणारे विषारी वायू माणसांना अपाय करतातच, शिवाय काही आम्लयुक्त वायू नळीचा पत्राही खाऊन टाकतात.

इंधनानंतर विचार येतो तो हवेचा. १ किलो कोरडे लाकूड जाळण्यास समुद्रसपाटीवर किमान सुमारे ५ घनमीटर हवा लागते आणि प्रत्यक्ष शेगडीत त्याच्या साधारण दुप्पट हवा जाते. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाइतकाच असल्याने तेवढाच प्राणवायू मिळवण्यासाठी दीडपट आकारमानाची हवा घ्यावी लागते. म्हणजे तासाला १ किलो लाकूड जाळणारी बुखारी त्या उंचीवर दर तासाला सुमारे १५ घनमीटर हवा खोलीतून उचलून बाहेर टाकते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशा खोलीत एकूण हवाच ३६ घनमीटर असते, तेव्हा बाहेरून हवा येण्याची वाट ठेवली नाही तर काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. थंडी रोखण्यासाठी खिडक्यांवर प्लास्टिकचा कागद ठोकण्याची आणि दाराखालची फट गोणपाटाने बुजवण्याची सवय समजण्यासारखी असली, तरी अशा खोलीत नळीची ओढ मंदावते आणि धूर उलटा खोलीत येऊ लागतो. यावर उपाय म्हणजे बुखारीच्या जवळ जमिनीलगत एक छोटे, कायम उघडे राहणारे हवाद्वार ठेवणे. ते जवळ असल्याने थंड हवा माणसांच्या पायांवरून न वाहता थेट विस्तवाकडे जाते.

नळीची ओढ ही संज्ञा येथे स्पष्ट करणे योग्य होईल. नळीतील तापलेली हवा बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलकी असते, ती वर जाते आणि तिच्या जागी खालून नवी हवा खेचली जाते. नळी जितकी उंच व उभी आणि आतला वायू जितका उष्ण, तितकी ही ओढ जोरदार असते. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत न्हाणीसाठी पाणी तापवणारा तांब्याचा बंब ज्याने पेटवला आहे, त्याला हे तत्त्व हाताच्या अनुभवाने ठाऊक असते, कारण मधली नळी तापेपर्यंत बंब धुमसतो आणि ती तापताच घुमू लागतो. बुखारीच्या बाबतीत मात्र अधिक ऊब मिळावी म्हणून नळी खोलीतून बरेच अंतर आडवी फिरवण्याचा मोह होतो आणि तो घातक ठरू शकतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली एका पुस्तिकेतून प्रसिद्ध केलेल्या शेगडीत धूर आधी खाली वळवून मग वर नेण्याची योजना होती. तीत धुरातील उष्णता खोलीला अधिक मिळावी हा हेतू होता, पण विस्तव मंद होऊन धूर थंड पडला की ओढ तुटत असे आणि धूर खोलीत येत असे. धुराकडून सगळी उष्णता काढून घेता येत नाही, कारण वर चढण्यासाठी त्याला त्याचा वाटा द्यावाच लागतो, हा त्या प्रयोगाचा धडा आजही तितकाच खरा आहे.

धूर फार थंड होण्याचा दुसरा परिणाम अधिक भयंकर असतो. नळीच्या आतला पृष्ठभाग साधारण १२० अंशांखाली गेला की धुरातील डांबरी वाफा त्यावर द्रवरूप होऊन चिकटतात. या थराला क्रिओसोट म्हणतात. आरंभी तो भुरभुरीत काजळीसारखा असतो, पुढे चिकट होतो आणि शेवटी काचेसारखा चकचकीत व कठीण बनतो. हा थर स्वतःच इंधन असल्याने एखाद्या दिवशी जोरदार ज्वाळेने तो पेटतो, नळीतून मोठी घरघर ऐकू येते, आतले तापमान १,००० अंशांपलीकडे जाऊ शकते आणि पातळ पत्र्याची नळी लाल होऊन छपराचे लाकूड पेट घेते. अशा वेळी शेगडीचे दार व झडप तत्काळ बंद करून विस्तवाची हवा तोडणे, सर्वांना घराबाहेर काढणे आणि मदत बोलावणे हेच योग्य असते. तापलेल्या नळीत पाणी ओतल्यास क्षणार्धात होणाऱ्या वाफेने नळी फुटू शकते. थर ३ मिलिमीटर जाड झाला की नळी साफ केलीच पाहिजे, असा जाणकारांचा दंडक आहे.

आगीचा धोका निदान डोळ्यांना दिसतो, पण कार्बन मोनॉक्साइड या वायूचा धोका कोणत्याच इंद्रियाला कळत नाही. अपुऱ्या हवेत कोळसा जळताना निर्माण होणारा हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक ओढीने बांधला जातो, त्यामुळे श्वास चालू असतानाही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर आणि गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे थकव्याची किंवा उंचीच्या त्रासाची वाटू शकतात आणि हिमालयात नव्याने गेलेला प्रवासी नेमका येथेच फसतो. एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली आणि मोकळ्या हवेत गेल्यावर ती कमी झाली, तर उंचीला दोष देण्याआधी शेगडीवर संशय घेतला पाहिजे. सर्वांत धोक्याची वेळ ज्वाला भडकलेली असतानाची नसते. मध्यरात्रीनंतर ज्वाला संपून नुसते निखारे उरतात, त्यांच्यातून धूर दिसत नाही, नळी थंड होत जाऊन ओढ क्षीण होते आणि ऊब टिकावी म्हणून नळीतही वेगळी झडप असल्यास कोणीतरी तीही लावून टाकतो. कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडणारा निखारा आणि त्याला बाहेर नेण्यास असमर्थ झालेली नळी, असा हा दुहेरी योग असतो. धुराडेच नसलेली कोळशाची अंगीठी किंवा शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणे तर याहूनही वाईट. उत्तर भारतात जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात अशा खोल्यांत माणसे मृत्युमुखी पडल्याच्या बातम्या येतात. म्हणून निखारे पूर्ण विझेपर्यंत नळीची झडप उघडी ठेवणे, झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजर बसवणे आणि शक्य असेल तेथे झोपण्यापूर्वीच विस्तव संपू देणे, हे नियम कोणत्याही सबबीवर मोडू नयेत.

रोजच्या वापराची पद्धतही याच विचारातून ठरते. बुखारी पेटवताना मोठे लाकूड खाली, त्यावर बारीक ढलप्या आणि सर्वांत वर काटक्या रचून वरून पेटवल्यास निघणारे वायू ज्वाळेतूनच जातात आणि आरंभीचा दाट धूर टळतो. केरोसीन किंवा पेट्रोल ओतून विस्तव पेटवणे हे भाजण्याच्या दुर्घटनांना आमंत्रण आहे. नळी तापेपर्यंत झडप पूर्ण उघडी असावी, त्यानंतर ती थोडी कमी करावी, पण ज्वाला नेहमी दिसत राहिली पाहिजे. एकदाच पोटभर जळण कोंबण्यापेक्षा थोडे थोडे, निखारे चांगले फुललेले असताना घालावे आणि प्रत्येक वेळी काही मिनिटे झडप उघडावी. नीट पेटलेल्या बुखारीची पारख बाहेर जाऊन नळीच्या तोंडाकडे पाहून करता येते. पेटल्यानंतर अर्ध्या तासाने तेथून निळसर किंवा पिवळट धूर निघत असेल, तर लाकूड ओले आहे किंवा हवा अपुरी आहे, एवढे निदान कोणत्याही उपकरणाविना होते.

बुखारीची मांडणी आणि निगा यांविषयीचे नियम थोडके आहेत, पण ते न पाळल्याची किंमत मोठी असते. प्रमाणित नसलेल्या साध्या शेगडीपासून लाकडी भिंत, पडदे, गाद्या आणि वाळत घातलेले कपडे सुमारे ९० सेंटिमीटर दूर असावेत आणि एकेरी पत्र्याच्या नळीपासून हे अंतर ४५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावे. जागा अपुरी असल्यास भिंतीवर पत्रा ठोकून भागत नाही, तर पत्रा आणि भिंत यांमध्ये अडीच सेंटिमीटरची मोकळी, वरखाली उघडी फट ठेवावी लागते, कारण भिंतीचे रक्षण पत्र्याइतकेच त्यामागून वाहणारी हवा करते. नळीचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत बसवावे, म्हणजे आत ओघळणारे डांबर सांध्यांतून बाहेर गळत नाही. हिवाळ्याआधी नळी उतरवून घासणे, गंजाने पडलेली छिद्रे उजेडाकडे धरून शोधणे, दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी कागदाच्या पट्टीने तपासणे, म्हणजे दार लावल्यावर पट्टी सहज ओढून निघाल्यास ती दोरी बदलणे, आणि बर्फ पडल्यावर नळीचे छपराबाहेरचे तोंड मोकळे आहे याची खात्री करणे, एवढे निगेचे काम असते. राखेची हाताळणी विशेष जपून करावी लागते. राखेत दडलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो, म्हणून ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी ओसरीपासून दूर ठेवावी. लडाखमध्ये कोरड्या शौचालयात माती व राख टाकण्याची उपयुक्त रीत आहे, पण तेथेही पूर्ण निवलेली राखच गेली पाहिजे.

शेगडी कितीही उत्तम असली तरी फटी असलेल्या घराला ती पुरी पडत नाही. लेहजवळील फे येथील सेकमोल या संस्थेच्या परिसरात दक्षिणाभिमुख काचा आणि मातीच्या जाड भिंती यांच्या साहाय्याने इमारती मुख्यतः सूर्याच्या उष्णतेवर उबदार ठेवल्या जातात. जेथे असे घर बांधणे शक्य आहे तेथे विस्तवाचे काम कमी होते, धूर कमी होतो आणि विलो-पॉप्लरच्या मोजक्या झाडांवरील भारही हलका होतो. हा लाभ मुख्यतः स्त्रियांना व मुलांना मिळतो, कारण जळण गोळा करणे, विस्तव राखणे आणि त्याच्या धुरात सर्वाधिक वेळ घालवणे हे त्यांच्याच वाट्याला येते. घरातील धुराचा हा अपाय लक्षात घेऊनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रक्रिया न केलेला दगडी कोळसा घरगुती इंधन म्हणून वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे.

सुधारित साधन वाटून प्रश्न सुटतो, या समजुतीचीही परीक्षा भारतात होऊन गेली आहे. १९८३ साली सुरू होऊन २००२ साली संपलेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या, परंतु धुराडी साफ करणारे आणि मोडलेली चूल दुरुस्त करणारे हात त्याच प्रमाणात तयार न झाल्याने त्यांतील पुष्कळ चुली काही वर्षांतच निकामी झाल्या. दुसरीकडे, पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याच्या केलेल्या कामाला २००२ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. घन इंधनाचे शास्त्र मराठी मुलखातही गंभीरपणे अभ्यासले गेले आहे, हे त्यावरून दिसते. मात्र असा कोळसा धूररहित असला तरी तोही कार्बन मोनॉक्साइड सोडतोच, ही खूणगाठ वापरणाऱ्याने बांधली पाहिजे.

तेव्हा बुखारीविषयीचे ज्ञान हे तिच्या खरेदीपुरते मर्यादित ठेवता येणार नाही. शेगडीसाठी जेवढा पैसा बाजूला काढला जातो, त्यातच धुराडे साफ करण्याचा ब्रश, गजर, पुढच्या वर्षीचे लाकूड वाळवण्याचे छप्पर आणि घरातील प्रत्येकाला, विशेषतः रोज विस्तव राखणाऱ्या स्त्रीला, कारणांसह दिलेले शिक्षण यांचाही हिशेब धरला पाहिजे. नियम पाठ करणारा माणूस अडचणीची रात्र आली की ते मोडतो, पण झडप का उघडी ठेवायची हे ज्याला कळले आहे, तो कडाक्याच्या थंडीतही ती उघडी ठेवतो. बुखारीचा अभ्यास करायचा तो या जाणिवेसाठी, आणि ती घराघरांत पोहोचवणे हे शेगडी बनवणाऱ्याइतकेच ती विकणाऱ्याचे, वाटणाऱ्या शासनाचे आणि वापरणाऱ्या कुटुंबाचेही कर्तव्य आहे.